अठ्ठावन्नला निवृत्ती, पासष्टला म्हातारपण!

शासकीय कचेरीतील लिपिक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. पंख्याखाली खुर्चीवर बसून काम केलेल्या माणसाला या वयानंतर विश्रांती मिळाली पाहिजे, असे महाराष्ट्र शासन मानते. आमची त्याला हरकत नाही. मात्र हेच शासन उसाच्या फडात तीस-पस्तीस वर्षे कोयता चालविलेल्या माणसाला सांगते, की तू अजून म्हातारा झालेला नाहीस. श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन ६५ व्या वर्षी ये! म्हातारपण कोणाला केव्हा येते, हे या राज्यात शरीर ठरवीत नाही, शासन निर्णय ठरवितो.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदाकाठचे गाव संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. जनाबाईंचे आयुष्य दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करण्यात गेले. आजही या तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळी सरली, की टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत, बौद्ध आहेत. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. सहा महिने म्हाताऱ्यांनी पोरे सांभाळायची, की पोरांनी म्हाताऱ्यांना सांभाळायचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

वृद्धांवर या देशात संशोधन होत नाही, असे मुळीच नाही. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया या अमेरिकेतील विद्यापीठांच्या सहकार्याने ‘लासी’ नावाची प्रचंड पाहणी केली. २०१७-१८ मध्ये वयाची पंचेचाळिशी ओलांडलेली माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांना प्रश्न विचारले गेले. त्यांचा रक्तदाब मोजला, श्वास मोजला, हाताची पकडसुद्धा मोजली. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अहवाल प्रसिद्ध केला. साठीच्या पुढे एकटे राहणारे साधारण ६ टक्केच, बाकीचे बहुतेक जोडीदार किंवा मुलाबाळांसोबत, असे त्यातून दिसले. लगेच आपली कुटुंबव्यवस्था किती भक्कम, याचे गोडवे गाणारे मोकळे झाले.

आमचा प्रश्न वेगळा आहे. अशा पाहण्यांत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. आता गंगाखेड तालुक्यातील ऊसतोड कामगाराची चूल मोजा. ऑगस्टमध्ये गेलात तर आजी, मुलगा, सून, नातवंडे असे भरलेले घर दिसेल. जानेवारीत गेलात तर एक चूल फडावरच्या पालात पेटलेली आणि दुसरी गावात म्हातारीने पेटविलेली. घर एकच, पण पाहणी करणारा कोणत्या महिन्यात दारात उभा राहिला, यावर ती म्हातारी ‘कुटुंबात’ आहे की ‘एकटी’, हे ठरते! वर्षातले सहा महिने ज्या म्हातारीला रात्री ताप आला तर पाणी द्यायला मोठे माणूस नाही, तिला कोणत्या रकान्यात बसविणार?

दुसरी गोष्ट आयुर्मानाची. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या संशोधकांनी २०२२ मध्ये नऊ राज्यांतील दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक, तर आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. यातील निम्म्याहून कमी तफावत आर्थिक स्थितीने स्पष्ट होते. म्हणजे ‘जात नव्हे, गरिबी पाहा’ असे सांगणाऱ्यांना हे परस्पर उत्तर आहे. गरिबी मिटली तरी जात आयुष्याचे लचके तोडतेच.

येथे आपल्या वक्त्यांनाही एक विनंती. दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा साडेचौदा वर्षे आधी मरते, हा संयुक्त राष्ट्रांच्या महिला संघटनेच्या २०१८ च्या अहवालातील आकडा व्यासपीठावरून नेहमी सांगितला जातो. तो मरणाऱ्यांच्या सरासरी वयाचा आकडा आहे, आयुर्मानाचा नव्हे. ज्या समाजात लहान वयाची माणसे जास्त, तेथे मृत्यूचे सरासरी वय आपोआप खाली येते. तीन वर्षे हा आकडाही लाजेने मान खाली घालायला पुरेसा आहे. विरोधकाला खोडता येणार नाही असाच आकडा आपण वापरावा, ही बाबासाहेबांची शिस्त होती.

त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आम्ही सुटलो असे कोणी समजू नये. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने चौकशी केली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा नको, खाड्याचा दंड नको, म्हणून बाईने अवयवच काढून टाकायचा! सोबत बीजकोशही काढला, तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. चाळिशीतल्या या बाईला म्हातारपण येऊन चिकटते. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचे मात्र थांबत नाही.

अशा बाईला शासन काय देते? श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली. अट मात्र ६५ वर्षांची आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याची राहिली. २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३००० रुपये देते. तिलाही ६५ च. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला साठीपासून आहे, पण ७९ वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा २०० रुपये; २००७ मध्ये २००, २०२५ मध्येही २००! संजय गांधी निराधार योजनेकडे बोट दाखविले जाईल. पण तेथे विधवा, अपंग, दुर्धर आजारी अशा कप्प्यात बसावे लागते. ‘कामाने झिजलेले शरीर’ हा कप्पा त्या अर्जात नाही.

ज्याचे आयुष्य मुळात कमी, त्याला पेन्शन उशिरा. म्हणजे ती त्याच्या वाट्याला थोडीच वर्षे येणार, किंवा येणारच नाही. सर्वांना एकच वय ही समानता दिसते खरी. प्रत्यक्षात ही विषमतेचीच कायदेशीर पावती आहे.

संविधानाच्या ४१ व्या कलमात वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व या अवस्थांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तरतूद करावी, असे राज्याला बजावले आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, कारखान्यातील कामगारांच्या आरोग्य विम्यावरील अडारकर अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. साखर तयार होते ती कारखान्यातच. पण ऊस तोडणारा कारखान्याचा कामगार नाही, मुकादमाचा माणूस! दारातल्या बैलालाही म्हातारपणी धनी असतो, याला तोही नाही.

आता जनगणना तोंडावर आहे. तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला असून जातीची नोंदही होणार आहे. तिच्या आधीचा फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगामाचा काळ. २०११ च्या जनगणनेत जो मोजणीच्या संपूर्ण काळात घराबाहेर असेल, त्याची नोंद तो सापडेल तेथे करण्याचा नियम होता. म्हणजे गंगाखेडचा कोयता फडात मोजला जाणार, नाही तर कुठेच नाही! पुढच्या सगळ्या पाहण्या याच जनगणनेच्या पायावर उभ्या राहतील. पाया चुकला, तर आपले म्हातारे दहा वर्षे कागदावर सुखाने नांदतील.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ऊसतोड आणि तत्सम अंगमेहनतीच्या कामगारांसाठी पेन्शनचे वय ५० करा. फडाफडांवर प्रगणक पाठवा. वृद्धांच्या आरोग्याची माहिती जातवार आणि जिल्हावार प्रसिद्ध करा. परभणीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने जानेवारीत या वस्त्यांत यावे. आणि आपल्या शिकलेल्या पोरांनी शासनाची वाट पाहू नये. एक वही घ्यावी, वस्तीतील प्रत्येक म्हाताऱ्याचे वय, काम, आजार आणि पेन्शन लिहून काढावी. नोंद नाही, म्हणून माणूसच नाही, हा खेळ आपल्याशी हजारो वर्षे खेळला गेला. आता वही आपल्या हातात आहे.