जागा नवी, पण फोडणी तर जुनीच

जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोटापाण्यासाठी सुरतेला आलेली मराठी कुटुंबं उधना-लिंबायतपासून थेट इच्छापोर-हजिऱ्याच्या कारखाना पट्ट्यापर्यंत भेटतात. गावाकडची शेती आवरली की आईवडीलही मुलाकडे येतात. मग आजी घराची वाट चुकल्या की सगळे म्हणतात, जागा नवी, भाषा गुजराती, गोंधळणारच. हे कारण पटण्यासारखं असल्यामुळेच स्मृतिभ्रंशाची पहिली लक्षणं त्याच्याआड दडून राहतात. नव्या जागेत रस्ता चुकेल, पण पन्नास वर्षं हातात बसलेली फोडणी चुकणार नाही. कढई गॅसवर ठेवल्यावर तेल आधी की मोहरी हेच न सुचणं, पैसे मोजताना अडखळणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारणं, अहिराणीतलाच रोजचा शब्द न आठवणं, सोशिक माणूस हळूहळू संशयी होत जाणं, याचं खापर सुरतेवर फोडता येत नाही. ताडून पाहायचं ते त्याच माणसाच्या दोन-चार वर्षांपूर्वीच्या वागण्याशी. त्यासाठी गावाकडच्या बहीणभावांना फोन करून जरूर विचारावं.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी एक आकडा लक्षात घ्यावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि शाळेत न गेलेल्यांत जास्त आहे. पण दहातल्या नऊंहून अधिक वृद्धांना तो नसेल, तर त्याला नुसतं म्हातारपण कसं म्हणायचं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अल्झायमर बरा होत नाही, मग नाव कळून उपयोग काय? मात्र प्रत्येक विसरणं अल्झायमरचं नसतं. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही गोळ्यांचा परिणाम, पडल्यानंतर कवटीत साचलेलं रक्त, यांवर उपचार आहेत. आणि आजार अल्झायमरच निघाला, तरी पेन्शन, जमीन, बँकेचे व्यवहार यांबद्दल त्या माणसाची स्वतःची इच्छा विचारायला अजून वेळ असतो. उशीर झाला की तो निर्णय इतर घेतात. एक-दोन दिवसांतच कुणी भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यामागे बऱ्याचदा जंतुसंसर्ग असतो.

तपासणीला नेताना सोबत त्यांची भाषा जाणणारं माणूस हवंच. मराठी आजीला गुजरातीत प्रश्न विचारले, लिहिता न येणाऱ्या हातात पेन दिलं, तर निष्कर्ष चुकणारच. निरक्षरांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. डॉक्टरांकडे त्या आवर्जून मागा, आणि बदललेल्या सवयी तारखेनिशी कागदावर लिहून न्या.