सतरा सप्टेंबरला आपल्या गावाचं नाव घ्या

१७ सप्टेंबरच्या दिनविशेषात मोठ्या माणसांच्या जन्मदिवसांना तोटा नाही. प्रबोधनकार ठाकरे या तारखेला १८८५ साली पनवेलला जन्मले, पेरियार रामस्वामी १८७९ साली इरोडला आणि चित्रकार हुसेन १९१५ साली पंढरपुरात. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचाही वाढदिवस याच दिवशी असतो. नांदेड-लातूरच्या माणसासाठी मात्र ही तारीख सगळ्यात आधी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची आहे. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा त्या संस्थानात शिरल्या, लोक याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खान यांनी रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्यांचे सेनापती एल इद्रूस मेजर जनरल चौधरींना शरण आले. देशाला १५ ऑगस्टला मिळालेलं स्वातंत्र्य आपल्या दारी यायला तेरा महिने लागले.

या दिवशी सकाळी नांदेडला माता गुजरीजी विसावा उद्यानातल्या स्मारकापाशी झेंडावंदन होतं, लातूरला होतं आणि प्रत्येक तालुक्याला, प्रत्येक शाळेत होतं. पोरं पांढऱ्या गणवेशात रांगेत उभी असतात. सरपंच आणि मुख्याध्यापक येतात, नारळ फुटतो, राष्ट्रगीत होतं आणि मग भाषण सुरू होतं. भाषणात स्वामी रामानंद तीर्थ असतात, गोविंदभाई श्रॉफ असतात, सरदार पटेल असतात. ही नावं घेतलीच पाहिजेत. पण त्याच गावातला जो माणूस लाठ्या खाऊन तुरुंगात गेला किंवा गोळी लागून पडला, त्याचं नाव बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती दरवर्षी वाढते आहे. जो लढा गावोगाव लढला गेला, त्याचा दिवस आपण मोठ्या नावांपुरता करून ठेवला आहे.

हा लढा कसा चालला ते पाहिलं की गावाचा हक्क लक्षात येतो. लोकांनी निजामाचे करोडगिरी नाके जाळले. सरकारी उत्पन्न बुडावं म्हणून शिंदीची झाडं तोडली, पाटील-पटवाऱ्यांची दफ्तरं पेटवली, लेव्हीचं धान्य द्यायचं नाकारलं. संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले आणि तिथून तरुण रात्री आत येत. त्यांना भाकरी बांधून देणारी घरं, निरोप पोचवणारी पोरं आणि जखमीला कडब्याच्या गंजीआड लपवणारे शेतकरी गावातच होते. त्यांच्याशिवाय एकही कॅम्प चालला नसता.

नांदेड जिल्ह्यात बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ १९४६ साली गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. या लढ्यातले आद्य हुतात्मे म्हणून त्यांचं नाव घेतात आणि अर्जापूरच्या महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे. याच जिल्ह्यातल्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटली ती ३० जानेवारी १९४८ला, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी. त्या पैशाचा हिशेब स्वामीजींनी पुढे सरकारला दिला. सगळा देश ३० जानेवारीला दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. उमरीतल्या मुलांना मात्र त्या तारखेच्या दोन्ही आठवणी सांगायला हव्यात.

लातूरकडे आलं तर उदगीरचे आर्य समाजी भाई श्यामलाल आठवतात. १९३८ साली बीदरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या आश्रयानं तरुणांनी निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेशी झुंज दिली. आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करत होता, हेही याच मातीतलं सत्य आहे. संघटनेचा नेता आणि तिच्याशी लढणारे एकाच मुलखात, एकाच बाजारपेठेत वावरत होते.

आपल्याकडच्या जुन्या माणसांचं कॅलेंडर वेगळं असतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी बहुतेकांची जन्मतारीख १ जून लिहून टाकली. खरा जन्म विचारला की आजी सांगते, ‘रझाकारीत झाला’ किंवा ‘पोलीस ॲक्शनच्या साली, सुगीत’. पुढच्या पिढीत तोच हिशेब बहात्तरच्या दुष्काळावरून होतो आणि त्यापुढच्या पिढीत भूकंपावरून. गावानं काय सोसलं त्यावरून वर्षं मोजणाऱ्या या माणसांच्या तोंडी १९४८ अजून जिवंत आहे. त्या साली जे दहा वर्षांचे होते, ते आता नव्वदीला टेकले आहेत. त्यांच्यापैकी कुणी गेलं की गावाच्या इतिहासाचं एक पान कायमचं जातं.

दिवस पाळायचा तर तो पुरता सांगितला पाहिजे. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. हे विसरता येत नाही आणि विसरूही नये. पण १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत इथल्या मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला गेला, तोही याच इतिहासाचा भाग आहे. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे नोंदवले. समितीचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा होता. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता असे विणकर, शेतमजूर आणि दुकानदार त्यात गेले. काही गावांत हिंदू शेजाऱ्यांनी त्यांना घरात लपवून वाचवलं, समितीनं तेही लिहून ठेवलं आहे. ही आठवण सांगितल्यानं स्वातंत्र्यसैनिकांचा मान तसूभरही कमी होत नाही. ज्या निर्भयतेसाठी ते लढले ती सगळ्यांसाठी होती, हे ठामपणे सांगायला हाच दिवस योग्य आहे.

धर्माबादहून पुढे गेलं की बासरला तेलंगणा लागतो, उदगीरहून थोडं पुढे गेलं की बीदरला कर्नाटक. तीन राज्यांत ही एकच तारीख तीन तऱ्हांनी साजरी होते. कर्नाटकात ती कल्याण कर्नाटक उत्सवाची आहे. तेलंगणात राज्य सरकार बदललं की दिवसाचं नावही बदलतं. राजकारण तारखेला आपल्याकडे ओढणारच. ती ज्यांची आहे त्यांच्याकडे ठेवायची असेल तर गावांनीच तिला धरून राहिलं पाहिजे.

असं होऊ शकतं, हे किल्लारीनं दाखवलं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेली गावं भूकंपानं दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. आजही त्या तारखेला जुन्या किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी माणसं येतात. तिथं कुणाला भाषण लिहून आणावं लागत नाही. कुणाच्या घरातलं कोण गेलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तारीख माणसांच्या नावांशी बांधलेली असली की ती टिकते.

म्हणून तिघांना तीन विनंत्या. ग्रामपंचायतींनी गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांची आणि त्या काळात बळी पडलेल्यांची यादी ग्रामसभेत मांडावी, दुरुस्त करून घ्यावी आणि १७ सप्टेंबरला झेंड्याखाली मोठ्यानं वाचावी. शाळांनी अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक कपाटातून काढून वर्गात न्यावं आणि त्यात आपल्या तालुक्याचं काय आहे ते मुलांकडून शोधून घ्यावं. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव आहे आणि त्याची स्थापनाही १७ सप्टेंबरचीच, १९९४ची. त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढे बसावं, मोबाइलवर त्यांचा आवाज नोंदवून घ्यावा, आणि मुसलमान गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडेही जावं.

याला सरकारी आदेश लागत नाही, निधी लागत नाही. पुढच्या १७ सप्टेंबरपर्यंत प्रत्येक गावात एक यादी तयार झाली पाहिजे. सांगणारी माणसं अजून आहेत, पण फार दिवस नाहीत. आजच जा.