देणारी ती, घेणारा तो

आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. डायलिसिसवरच्या माणसाला पाणीही मोजून प्यावं लागतं. घशाला कोरड पडली तरी तांब्याकडे जाणारा हात आवरावा लागतो. यातून सुटकेची सर्वांत चांगली वाट म्हणजे प्रत्यारोपण, आणि जिवंत दात्याचं मूत्रपिंड सहसा जास्त वर्षं टिकतं.

पण घरातून पुढे कोण येतं?

भारतात जिवंत दात्यांमध्ये बायका बहुसंख्य, घेणाऱ्यांमध्ये पुरुष. २०२२ मध्ये रोहिणी आचार्य यांनी वडील लालूप्रसाद यादव यांना मूत्रपिंड दिलं, तेव्हा देशभर कौतुक झालं. ते रास्तच होतं. मात्र प्रत्येक आईची, बायकोची संमती तितकी मोकळी असते का? डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून, सासरच्यांना दाराबाहेर ठेवून हे विचारलंच पाहिजे. ती 'नको' म्हणाली, तर तिच्यावर बोल येणार नाही हेही पाहिलं पाहिजे.

घरच्यांचा रक्तगट जुळत नसेल तरी वाट बंद होत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनं दोन कुटुंबांमध्ये दात्यांची अदलाबदल करायला मुभा दिली आहे. रुग्णालयांनी हे पहिल्याच भेटीत सांगावं, आणि दात्याची दरवर्षीची तपासणी सरकारनं मोफत करावी.