हरिण सरकारचं, मग खाल्लेला शाळू कुणाचा?



सागरेश्वरचा उजाड डोंगर धों. म. मोहिते यांच्या धडपडीनं हिरवा झाला. १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. तिथली चितळं, सांबरं रात्री आमच्या शाळवात उतरतात. नर माजावर आला की त्याला भान राहत नाही. ते हेरून कुणी त्याच्या बसण्याच्या जागी फास लावतो. आम्ही स्पष्ट सांगतो, हे करू नका. १९७२ च्या कायद्यानं शिकार गुन्हा आहे. तुरुंगात शेतकरी जाईल आणि पीकही वाचणार नाही. नुकसान दिसताच वनखात्याला लेखी अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. मागण्या दोनच: कुंपण धड ठेवा, आणि भरपाईत रात्रीच्या राखणीची मजुरी धरा. हरिण पोसायला आमची ना नाही; पण ते एकट्या बांधकऱ्यानं का पोसायचं?