वाचलेली पुस्तके : आई बोलू लागली



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो होतो. येताना शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून तीन पुस्तके आणली. तिन्ही आपल्या बायांनी लिहिलेली. घरात ‘बलुतं’ आहे, ‘उपरा’ आहे. पण बाईने लिहिलेले आत्मकथन एकही नव्हते. वाचनाची आवड आहे म्हणून गावभर सांगणाऱ्या मला हे कधी खटकले नाही, याची लाज वाटते.

पहिले पुस्तक बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. फलटणला त्या दुकान चालवीत. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता वाचनाची गोडी वाढली. स्वतः लिहू लागल्या, पण घरच्यांच्या धाकाने ते लिखाण वीस वर्षे लपवून ठेवावे लागले. पुस्तक निघाले १९८६ साली. त्यात ‘मी’ थोडी आणि ‘आम्ही’ जास्त आहे. उपासमार आहे, देवदेवस्की आहे, बाबासाहेबांमुळे आलेली जागृती आहे. आपल्याच माणसांचे दोषही झाकलेले नाहीत. सासरहून पळणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवत, हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो.

एकच उणीव वाटली. स्वतःच्या संसाराबद्दल त्या जवळजवळ गप्प आहेत. नवऱ्याचा मार त्यांनाही चुकला नव्हता, हे त्यांनी पुढे माया पंडित यांना मुलाखतीत सांगितले. साऱ्या वस्तीचे दुःख मांडणाऱ्या बाईला स्वतःचे मांडता येऊ नये, याचा विचार आपण पुरुषांनी करावा.

दुसरे, शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. शांताबाई शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी हे लिहिले. दूरदर्शनवरची ‘नाजुका’ मालिका याच पुस्तकावरची. भाषा इतकी साधी की नुकते वाचायला शिकलेल्या बाईलाही जमेल. घरात सुरुवात करायची तर याच पुस्तकाने करा.

तिसरे, उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३). कोकणातली विधवा आई बांबूची आयदाने विणून पोरे वाढवते. लेक पुढे एम.ए. करायला निघते, तेव्हा आडकाठी घरातूनच येते. त्यातले उघड लिहिणे मला आधी जड गेले. दुसऱ्यांदा वाचल्यावर पटले, की जड जाण्याचे कारण पुस्तकात नाही, आपल्यात आहे.

आता घरची गोष्ट. माझी आई ऐंशीच्या घरातली. अक्षरओळख नाही. आमची बोली अहिराणी, ‘जिणं आमुचं’ची बोली तिकडची. तिला समजेल का, अशी शंका होती. तरी एमआयडीसीतली पाळी संपवून नरडाण्याला घरी आलो की रोज पाच-सहा पाने मोठ्याने वाचू लागलो. खोड्याच्या जागी आलो तशी तिने हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, “आमनं बी आसंच व्हतं.”

माझी थोरली मावशी बाळंतपणात गेली, असे आम्हाला लहानपणापासून सांगितलेले. त्या रात्री आई म्हणाली, बाळंतपण नव्हते, विहीर होती. दोनदा माहेरी पळून आली होती. दोन्ही वेळा आजोबांनीच परत नेऊन घातली.

मला मावशीचे नावही ठाऊक नव्हते. ते कुठल्या कागदावर नाही. शाळेत ती गेली नाही. आईच्या आठवणीपलीकडे ती कुठेच नव्हती. “लिखी ठेव,” आई म्हणाली. पोराच्या जुन्या वहीत मी ते लिहिले. आता रोज एक पान होते. कधी आई रडते, कधी हसते.

बेबीताई २०१२ साली गेल्या, शांताबाई २०२३ साली. त्यांनी लिहून ठेवले म्हणून त्या काळातल्या बाया आपल्याला भेटतात. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचे कोण लिहिणार?

बंधू-भगिनींनो, यातले एक तरी पुस्तक आणा. एकट्याने वाचू नका, आईपुढे, आजीपुढे मोठ्याने वाचा. आणि शेजारी एक कोरी वही ठेवा.