वर्गणीदार की भाडेकरू?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर प्रतिसादांत मारामारी नको. लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला, शिकवणाऱ्याला पैसे मिळायलाच हवेत, या पक्षातला मी आहे. फुकट ते पौष्टिक ही आपली जुनी खोड. हॉटेलात दोनशे रुपये सहज उडवून आलेला माणूस महिना पन्नास रुपये म्हटलं की "एवढं काय असतं हो त्यात?" असं विचारतो, तेव्हा माझंही डोकं फिरतं. तेव्हा आजचं लिखाण पैसे देण्याविरुद्ध नाही. ते पैसे कोणाच्या हातात द्यायचे आणि त्याबदल्यात कोणाच्या पदरात काय पडतं, याबद्दल आहे.

निमित्त आमच्या भाच्याचं. साहेब सुट्टीच्या दिवशी किल्ल्यांवर जातात आणि पाण्याची टाकी, चोरवाटा, तटबंदी असले छान व्हिडिओ करतात. आता बघणारेही बऱ्यापैकी जमलेत. परवा म्हणाला, "मामा, मेंबरशिप चालू करतोय. महिना साठेक रुपये. करू ना?" मी म्हटलं, लिहून सांगतो. तर मंडळी, हेच ते लिहून सांगणं. तुम्हीही वाचा, कारण प्रश्न एकट्या भाच्याचा नाही.

या प्रकाराला मराठीत एक झकास शब्द फार पूर्वीपासून आहे: वर्गणी. मासिकाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी. ती कशी चालायची? तुम्ही मनीऑर्डर करायचात. संपादकाच्या कार्यालयातल्या वहीत तुमचं नाव आणि पत्ता चढायचा. अंक वेष्टनात गुंडाळून घरी यायचा. वर्ष संपत आलं की "आपली वर्गणी संपत आहे" अशी चिठ्ठी यायची. पटलं तर पुन्हा भरायची, नाही तर रामराम. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेलं 'साधना' आजही निघतं, आणि त्याची वर्गणी 'साधना'कडेच जाते.

या सगळ्या व्यवहारात मोलाची वस्तू कोणती? पैसे नव्हेत. ती वही! छापखाना बदला, कागदवाला बदला, कचेरी एका पेठेतून दुसऱ्या पेठेत न्या. वही हातात आहे तोवर वाचक हातात आहे. संपादक उद्या वर्गणीदाराला पत्र घालू शकतो, यात सगळं आलं.

आता यूट्यूबची मेंबरशिप बघा. ही सोय २०१८ साली आली. बटण दाबलं, कार्ड दिलं, झालात सभासद. कर वगैरे वजा जाता ७० टक्के चॅनेलवाल्याला, ३० टक्के कंपनीला. ठीक आहे, दुकान त्यांचं आहे. पण ती वही कुठे आहे? चॅनेलवाल्याला सभासदांची नावं दिसतात, कोण किती महिने टिकलाय तेही दिसतं. दिसत नाही तो पत्ता. ईमेलसुद्धा नाही. म्हणजे माझा भाचा उद्या म्हणाला, की माझ्या दोनशे सभासदांना मी स्वतः एक पत्र धाडतो, तर ते त्याला शक्य नाही. पैसे भरलेत भाच्यावरच्या लोभापायी, आणि वही आहे कंपनीच्या तिजोरीत. मग हे सभासद कोणाचे? मला विचाराल तर ते वर्गणीदार नव्हेतच. कंपनीच्या चाळीत शेजारी शेजारी राहणारे दोन भाडेकरू आहेत, एक लिहिणारा आणि एक वाचणारा. मधल्या भिंतीतलं दार उघडायचं की नाही हे मालक ठरवतो.

आणि मालकाच्या वर आणखी एक मालक असतो, बरं का! फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने भारतात निळ्या खुणेची वर्गणी सुरू केली तेव्हाचे दर आठवतात? संगणकावरून भरा, ६५० रुपये महिना. फोनमधल्या ॲपवरून भरा, ९०० रुपये. तीच खूण, तोच माणूस, तीच मतं, आणि २५० रुपयांचा फरक. हा फरक कसला? ॲपच्या दुकानांचा टोल. ॲपमधून गोळा होणाऱ्या अशा पैशांवर ही दुकानं ३० टक्क्यांपर्यंत कापून घेत असत. पुढे जुलै २०२५ मध्ये ते दर बरेच उतरले, पण टोल असतो हे त्या दोन आकड्यांनी कायमचं दाखवून दिलं. पेट्रिऑन ही तर कलाकारांना वर्गणी मिळवून देण्यासाठीच २०१३ साली निघालेली कंपनी. ऑगस्ट २०२४ मध्ये तिलाही कलाकारांना कळवावं लागलं, की ॲपलच्या नियमामुळे आयफोनच्या ॲपमधून येणाऱ्या नव्या वर्गणीवर ३० टक्के कापले जातील. तुम्ही रुपया देता चित्रकाराला, आणि वाटेत नाकी किती हे चित्रकाराच्याही हातात नाही.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. "अहो, स्टॉलवाला दिवाळी अंकावर कमिशन घ्यायचाच की! वितरक घ्यायचा, पुस्तकविक्रेता घ्यायचा. तेव्हा बोलला नाहीत ते?" खरं आहे. दुकान चालवणाऱ्याने पैसे घेण्यात काही गैर नाही, आणि एवढे व्हिडिओ साठवून जगभर पोचवायला खर्च येतो हेही मला कळतं. पण स्टॉलवाल्याकडे अंक आवडला, की तुम्ही अंकातलाच पत्ता बघून थेट वर्गणी पाठवू शकत होतात. तिथे स्टॉलवाल्याचा संबंध संपायचा. त्याने ओळख करून दिली, त्याचे पैसे घेतले, बाजूला झाला. इथला दुकानदार बाजूला होतच नाही. तो दरमहा, जन्मभर मध्ये उभा राहतो. माझं भांडण कमिशनशी नाही, या मध्ये उभं राहण्याशी आहे.

त्याचा परिणाम काय होतो ते जवळून पाहिलंय. ओळखीतल्या एक बाई पैसे भरून सभासद व्हायच्या एका समूहात परदेशातल्या मुलांना मराठी वाचायला शिकवत. कुठल्या कंपनीचं ते नाव नको. एके सकाळी खातं बंद. कारण म्हणून एक छापील वाक्य, दाद मागायला एक अर्ज, अर्जाला पुन्हा तेच छापील वाक्य. बाईंना पैशांचं फार वाटलं नाही. "मुलं 'ळ' म्हणायला लागली होती हो," एवढंच म्हणाल्या. शंभराच्या वर घरं होती, आणि त्यांच्याकडे पत्ता होता चौघांचा, तोही त्या चौघी मैत्रिणी होत्या म्हणून.

आणि दरवेळी कंपनीच वाईट असते असंही नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ती चूक की बरोबर, तो वाद वेगळा. पण गावोगावच्या पोरापोरींनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. जुलै २०२४ मध्ये 'कू' बंद पडलं, ते तर आपलं देशीच होतं. दुकानं बंद पडतात, विकली जातात, मालक बदलतात, नियम बदलतात. हे होणारच. प्रश्न इतकाच, की दुकानाचं शटर पडल्यावर तुमच्या हातात काय उरतं?

दुसरा आक्षेप सोयीचा. "साठ साठ रुपये कोण गोळा करत बसणार?" वीस वर्षांपूर्वी हा मुद्दा मी मान्य केला असता. पण २०१६ साली यूपीआय आलं आणि आज शेंगदाणेवाल्याच्या गाडीवरही तो चौकोन चिकटवलेला असतो. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवरचं व्यापाऱ्याचं शुल्क सरकारने जानेवारी २०२० मध्ये शून्यावर आणलं. वर्षाची वर्गणी एकदम घ्या, सातशे रुपये, एका टपाल्याचीही गरज नाही. राहिले परदेशातले नातलग. तर सबस्टॅक किंवा पेट्रिऑनसारख्या ठिकाणी लिहिणाऱ्याला आपल्या वाचकांचे ईमेल पत्ते उतरवून घेता येतात. म्हणजे सगळी दुकानं सारखी नाहीत. माझी कसोटी एकच: वही घेऊन बाहेर पडता येतं का?

तेव्हा भाचेबुवा, बटण चालू करायचं तर कर. नवीन माणसं तिथूनच येतील. पण प्रत्येक व्हिडिओखाली स्वतःचा ईमेल पत्ता लिही. जो पत्र पाठवेल त्याचं नाव वहीत चढव, आणि महिन्यातून एकदा त्याला दोन ओळी धाड. मग साठ रुपये कुठूनही येवोत, माणूस तुझा राहील.

आणि वाचणारे हो, तुमच्यावरही थोडी जबाबदारी आहेच. बटण दाबलं म्हणजे दानधर्म झाला, असं समजून निर्धास्त होऊ नका. ज्याचं लिखाण, गाणं, शिकवणं आवडतं, त्याला विचारा, "थेट कुठे पाठवू?" त्याचं पुस्तक असेल तर घ्या. अंक असेल तर वर्षाची वर्गणी भरा. आणि पैसे पाठवताना आपला पत्ताही पाठवा. पैशांपेक्षा तो जास्त दिवस उपयोगी पडेल.

पटत नसेल तर भांडायला या. माझा पत्ता बाजूलाच आहे.