'येत नाही' म्हणणारा उमेदवार

'तुमच्यातला एखादा दोष सांगा,' असे मुलाखतीत विचारले की बहुतेक मुले एकच उत्तर देतात. 'मी कामात फार चोखंदळ आहे, अर्धवट काम मला खपत नाही.' दोष विचारला आणि गुण सांगितला! हे उत्तर क्लासमध्ये घोटून घेतलेले असते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी तो मान डोलावतो. पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यात टर्नर आणि इन्स्पेक्टर निवडायला मी बरीच वर्षे टेबलाच्या पलीकडे बसलो. मुले खोटे का बोलतात, हा प्रश्न मला पडत नाही. खरे बोलणाऱ्याच्या पदरात आपण काय टाकतो, हा पडतो. 'आधीची नोकरी का सोडलीत?' याला 'पगार तीन महिने थकला होता' असे सरळ सांगणारा मुलगा आमच्या एका साहेबांना तक्रारखोर वाटला होता.

आमच्याकडे एक पद्धत होती. उमेदवाराच्या हाती व्हर्निअर कॅलिपर आणि एक तयार जॉब द्यायचा. कॅलिपर मुद्दाम जुना. जबडे मिटले तरी शून्यावर शून्य येत नसे. पहिल्या वर्गात डिप्लोमा झालेली मुले झटकन माप सांगून मोकळी होत. आयटीआय झालेला एक पोरगा मात्र तो उजेडाकडे धरून बघत राहिला. म्हणाला, "साहेब, ह्याच्यात फरक आहे. वजा करून सांगू का?" पुढे ड्रॉइंगवरची एक खूण विचारली, तर म्हणाला, "हे येत नाही. दाखवलंत तर शिकेन." घेतला त्याला. खूण तो दोन दिवसांत शिकला. चुकीचे माप लपवले की अख्खा लॉट भंगारात जातो, त्यामुळे येत नाही ते सांगणारा माणूस तिथे लाखमोलाचा.

म्हणून पदव्या बाजूला ठेवा आणि वृत्ती बघा, असे म्हणून टाकावे? मी जरा कचरतो. वृत्ती हा शब्द फार निसरडा. 'मुलगा आपल्यात मिसळेल असे वाटत नाही,' या वाक्याआड आडनाव, गाव आणि इंग्रजीचा उच्चार दडलेला मी पाहिला आहे. प्रमाणपत्र निदान कागदावर असते, त्यावर भांडता येते. वशिल्याला आणि पैशाला वाट मिळते ती याच फटीतून. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ, अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या, त्या उगाच नव्हेत. केंद्रीय लोकसेवा आयोग मात्र नागरी सेवांसाठी २०२५ पैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीला देतो, आणि तिथे नैतिक सचोटीही पारखायची असते. थोड्या वेळाच्या गप्पांत सचोटी पारखणारे डोळे कुठून आणायचे, देव जाणे.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी संशोधकांनी १९९८ साली ८५ वर्षांचे संशोधन एकत्र करून दाखवले, की शिक्षणाच्या वर्षांवरून माणूस काम कसे करील ते फारसे कळत नाही. प्रत्यक्ष काम करवून घेतले, किंवा सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारले, तर बरेच जास्त कळते. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे तपासून खाली आणले; ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत तरीही वरच राहिली.

आणि प्रामाणिकपणाची अपेक्षा एकट्या उमेदवाराकडून का? 'या जागेवरचा आधीचा माणूस का गेला?' असे आमच्याकडे एका मुलीने एकदा शांतपणे विचारले. साहेबांनी घड्याळ पाहिले आणि चहा मागवला.